मलपृष्ठावरचा लेखक-परिचय कसा लिहावा?

बांधावरचा

नमस्कार. माझा पहिला कथासंग्रह येत्या काही महिन्यांत प्रसिद्ध होत आहे. मजकुराची दोन मुद्रिते (प्रूफे) तपासून झाली, अर्पणपत्रिका आणि मनोगत लिहून झाले, आणि आता प्रकाशकांनी मलपृष्ठासाठी ऐंशी ते शंभर शब्दांचा लेखक-परिचय मागितला आहे. गेले तीन आठवडे मी त्या शंभर शब्दांपाशी अडून बसलो आहे. बारा कथा लिहिताना इतके अवघड वाटले नव्हते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९८५ मध्ये मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा, म्हणून लागलो आणि २०१९ मध्ये निमतानदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातच झाली. पाटण, जावळी, माण, खटाव हे तालुके पायाखालून गेले. बहुतेक कथा शेताच्या हद्दी, वाटण्या आणि कोरलेले बांध यांभोवतीच्या आहेत. आमच्या स्वतःच्या घरातही बांधावरून वडील आणि चुलते चौदा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे हा विषय मला बाहेरून कधीच पाहता आला नाही. २०११ पासून काही कथा दिवाळी अंकांत आल्या, आणि एका कथास्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला.

मी केलेला मसुदा असा आहे:

‘श्री. … यांचा जन्म १९६१ साली सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण गावीच झाले. लहानपणापासूनच त्यांना वाचनाची व लेखनाची आवड होती. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर ते शासकीय सेवेत रुजू झाले व विविध पदांवर ३४ वर्षे प्रामाणिकपणे सेवा करून निवृत्त झाले. त्यांच्या कथा विविध नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्या असून त्यांना पुरस्कारांनी सन्मानित करण्यात आले आहे. त्यांची लेखनशैली ओघवती असून वाचकाच्या काळजाला हात घालणारी आहे. ते आपल्या पत्नी, दोन मुले व नातवंडांसह सातारा येथे वास्तव्यास आहेत.’

यातले एकही वाक्य खोटे नाही, तरी वाचताना हा माणूस मी आहे असे मला वाटत नाही. शेवटून दुसरे वाक्य माझ्या मुलाने घातले आहे, आणि ते वाचून तर स्वतःची टिमकी स्वतःच वाजवल्यासारखे होते. शिवाय स्वतःविषयी ‘त्यांनी’, ‘ते’ असे आदरार्थी लिहिताना हात थांबतो. आपणच आपल्याला अहो-जाहो करायचे, हे योग्य आहे का? की ‘मी’ म्हणून लिहावे? आणि हाच परिचय दिवाळी अंकाला आणि पुस्तके विकणाऱ्या संकेतस्थळालाही चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुद्रितशोधक

आपला मसुदा दोनदा वाचला आणि त्याच्या वर आपण लिहिलेली पार्श्वभूमी चार वेळा वाचली. आपला परिचय त्या पार्श्वभूमीत आहे, मसुद्यात नाही. मी गेली बावीस वर्षे मुद्रितशोधन आणि ग्रंथसंपादनाचे काम करतो, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या लेखकाकडून मला हेच अनुभवायला मिळते. बोलताना किंवा पत्र लिहिताना जे अगदी सहज सांगितले जाते, ते परिचय लिहायला बसल्यावर गळून पडते आणि त्या जागी नोकरीच्या अर्जाची भाषा येते.

ग्रंथप्रदर्शनात उभ्या असलेल्या वाचकाकडे थोडा वेळ पाहावे. तो पुस्तक उचलतो, मुखपृष्ठ पाहतो, उलटे करून मलपृष्ठ वाचतो, आणि मग मधलेच एखादे पान उघडतो. मलपृष्ठ वाचताना त्याच्या मनात एक प्रश्न असतो: हे मला सांगणारा हा माणूस कोण, आणि याला हे कुठून ठाऊक? त्याला आपल्या जन्माचे साल नको असते, पदवीही नको असते. आपल्या मसुद्यातील सात वाक्यांपैकी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले असते असे एकच वाक्य आहे, ते म्हणजे नोकरीचे. आणि नेमके तेच ‘शासकीय सेवेत’ आणि ‘विविध पदांवर’ या शब्दांनी झाकले गेले आहे. शासकीय सेवेत शिक्षक असतात, पोलीस असतात, दवाखान्यातले औषधनिर्माते असतात. निमतानदार मात्र तुम्ही होता.

हा शब्द वाचून मी थबकलो, आणि वाचकही थबकेल. माझ्या समजुतीप्रमाणे, एखाद्या शेतकऱ्याला झालेली मोजणी मान्य नसली तर ती पुन्हा करून पाहणारा तो निमतानदार. म्हणजे ज्या जागी एकदा निवाडा झाला आहे आणि तो कोणाला तरी पटलेला नाही, अशाच जागी आपण वर्षानुवर्षे जात होता. कथाकाराला याहून मोलाची शिदोरी कोणती हवी? आणि ती आपण परिचयातून वगळली, कारण आपल्याला ती रोजची वाटते. परिचय लिहिताना सर्वात मोठी अडचण हीच असते. जे आपल्या अंगवळणी पडले आहे तेच परक्याला नवे असते, आणि ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून परिचयाचा पहिला मसुदा करण्यापूर्वी एखाद्या मित्राला आपल्या कामाविषयी दहा मिनिटे सांगावे आणि तो कुठे ‘म्हणजे काय?’ असे विचारतो ते टिपून ठेवावे, असे मी नेहमी सुचवतो.

मी एक साधी कसोटी लावतो. प्रत्येक वाक्य घेऊन विचारायचे, की हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर जसेच्या तसे छापले तर चालेल का? ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ हे मराठीत छापल्या गेलेल्या निम्म्या पुस्तकांवर चालेल, म्हणून ते जाऊ द्यावे. ‘विविध नियतकालिकांतून’ हेही तसेच. ‘पुरस्कारांनी सन्मानित’ लिहून काहीच कळत नाही. उलट, ज्याअर्थी नाव दिलेले नाही त्याअर्थी ते सांगण्यासारखे नसावे, अशी शंका येते. आपल्याला कथास्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला असेल तर अंकाचे नाव, वर्ष आणि कथेचे नाव द्यावे, नाहीतर तो उल्लेखच करू नये. शैलीविषयीचे वाक्य काढून टाकावे. शैली ओघवती आहे की नाही हे वाचक पहिल्या पानावर स्वतः ठरवतो, आणि परीक्षण लिहिणाऱ्याचे ते कामच आहे. चिरंजीवांनी प्रेमाने घातलेले वाक्य काढताना वाईट वाटेल, पण ते काढावेच लागेल.

कुटुंबाचा उल्लेख पुस्तकाशी संबंध असेल तरच असावा. आपल्या बाबतीत तो संबंध आहे, पण पत्नी आणि नातवंडांचा नाही. वडील आणि चुलते चौदा वर्षे बोलत नव्हते, ही आपण लिहिलेली सर्वात समर्थ ओळ आहे. ती परिचयात घ्यावी की नाही, हे मात्र मी सांगू शकत नाही. मलपृष्ठ गावातही वाचले जाते; चुलत्यांची मुले, सुना, शेजारी सगळे ते वाचतात. कथेत त्या भांडणाला आडोसा असतो, परिचयात नसतो. हा निर्णय संपादकाने करायचा नाही, आपणच करायचा आहे.

आता आदरार्थी बहुवचनाविषयी. आपला संकोच मला समजतो, तो सभ्य माणसाचा संकोच आहे. पण मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणारा कोणीही असो, तो बोलतो प्रकाशकाच्या तोंडून. घरी आलेल्या पाहुण्यांची ओळख यजमान जसा इतरांना करून देतो, तसा प्रकाशक लेखकाची ओळख करून देत असतो. आणि मराठी यजमान पाहुण्याला ‘तो’ म्हणत नाही. म्हणून ‘त्यांनी’ लिहावे, त्यात आत्मस्तुती नाही. आत्मस्तुती सर्वनामात नसते, ती ‘सिद्धहस्त’, ‘अष्टपैलू’, ‘सुप्रसिद्ध’ या विशेषणांत असते. सुरुवातीचे ‘श्री.’ मात्र काढावे. मुखपृष्ठावर नावाआधी ते नसेल तर मलपृष्ठावरही नको. आणि नाव दोन्हीकडे अगदी एकसारखे असावे: मुखपृष्ठावर आद्याक्षरे आणि मलपृष्ठावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, असे झाले की ग्रंथालयाच्या नोंदीत एकाच लेखकाचे दोन लेखक होऊ शकतात.

‘मी’ वापरून लिहिलेला परिचय ललित लेखांच्या किंवा प्रवासवर्णनाच्या पुस्तकाला शोभतो, कारण तिथे आतही ‘मी’च बोलत असतो. कथासंग्रहात आतला ‘मी’ कथेतल्या पात्राचा असू शकतो, आणि मलपृष्ठावरच्या ‘मी’शी त्याची सरमिसळ होते. म्हणून आपल्या पुस्तकाला तृतीयपुरुष बरा.

आपण दिलेल्या माहितीवरून एक मसुदा करून पाहिला आहे. तो तसाच वापरावा असा आग्रह नाही.

‘… यांनी १९८५ ते २०१९ या काळात भूमी अभिलेख खात्यात काम केले. पाटण-जावळीच्या डोंगरउतारांवर आणि माण-खटावच्या माळांवर त्यांनी आधी भूकरमापक म्हणून शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि पुढे निमतानदार म्हणून, कोणाला तरी मान्य नसलेल्या मोजण्या पुन्हा करून पाहिल्या. साखळी धरणारे मजूर, नोटीस घेऊन आलेले लगतचे शेतकरी, एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभे राहिलेले सख्खे भाऊ ही माणसे त्यांच्या कथांत येतात. २०११ पासून त्यांच्या कथा दिवाळी अंकांतून प्रसिद्ध होत आहेत. हा त्यांचा पहिला कथासंग्रह.’

‘पहिला’ हा शब्द लपवू नये. पहिल्या पुस्तकाकडे वाचक कुतूहलाने आणि थोड्या मायेनेही पाहतो. दिवाळी अंकासाठी यातले पहिले दीड वाक्य पुरेल, कारण तिथे परिचय कथेच्या तळाशी बारीक टंकात येतो. संकेतस्थळासाठी हाच मजकूर ठेवावा, मात्र पहिल्याच वाक्यात ‘कथाकार’ हा शब्द घालावा, कारण तिथे वाचकासमोर पुस्तक नसते आणि मोबाइलच्या पडद्यावर बहुधा पहिली ओळच दिसते.

सायंतारा

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे वरील चर्चेत एका वेगळ्या बाजूने थोडी भर घालते. लेखकाने स्वतःची ओळख करून देणे ही आपल्याकडे छापखान्याबरोबर आलेली गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीचा शेवट पाहावा. युग कोणते, प्रदेश कोणता, गोदावरीचा काठ, राज्य करणारा यादव राजा रामचंद्र, आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा, आणि अखेरीस शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली व सच्चिदानंदबाबा आदराने तिचा ‘लेखकु’ झाला, ही नोंद. त्या काळी ‘लेखकु’ म्हणजे लिहून घेणारा. कुठे, केव्हा, कोणाच्या आधाराने आणि कोणाच्या हातून हे काम झाले, हे सगळे त्यात आले आहे, आणि स्वतःच्या गुणांविषयी त्या नोंदीत एकही शब्द नाही.

प्रश्नकर्त्यांच्या संकोचासाठी त्याहूनही जवळचे उदाहरण तुकोबांचे आहे. संतांनी विचारले म्हणून त्यांनी आपले चरित्र एका अभंगात सांगितले. प्रारंभीच ते म्हणतात की हे बोलू नये, पण तुम्ही विचारले म्हणून तुमचे वचन पाळतो. नंतरचा क्रम मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. जात, धंदा, कुळीचा देव, आईबापांचा मृत्यू, दुष्काळात गेलेले द्रव्य आणि मान, अन्न अन्न करीत गेलेली पत्नी, बुडालेला व्यापार, मग मोडके देऊळ दुरुस्त करावेसे वाटणे, सुरुवातीला अभ्यासात चित्त नसताना पाठ केलेली संतांची वचने, स्वप्नातला गुरूपदेश, आणि इतके झाल्यावर कवित्वाची स्फूर्ती. त्यानंतर लगेच निषेधाचा आघात आणि पाण्यात बुडवलेल्या वह्या. कविता कुठून आली हे सांगण्यासाठी आवश्यक तेवढेच आयुष्य त्यात घेतले आहे, आणि कवित्वाचा उल्लेख त्यांनी आधीचे सगळे सांगून झाल्याशिवाय केलेला नाही. विद्यार्थी विचारीत, की बाई, ते स्वतःला मोठा कवी का म्हणत नाहीत? मी म्हणत असे, की वह्या बुडवाव्या लागल्या हे ज्याने सांगितले, त्याला आणखी काय सांगायचे राहिले?

तेव्हा आपला संकोच टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. तो असू द्यावा. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे आहे, एवढे मनाशी धरून लिहावे.

एक सूचना ‘मुद्रितशोधक’ यांच्या मसुद्याविषयी. त्यातून आपले गाव पूर्णपणे गेले आहे. माणूस शेतकऱ्याच्या घरातला आहे आणि नंतर तोच इतरांची शेते मोजायला गेला, हे कळले तर मोजणीच्या वाक्याला अधिक वजन येईल. ‘सामान्य शेतकरी कुटुंब’ हे शब्द मात्र नकोत. सामान्य कुटुंब असे जगात कोणतेच नसते. गावाचे किंवा तालुक्याचे नाव पुरे.

दुसरी आवृत्ती

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून पटले, तरी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली.

व्यवसायाची ओळख पुस्तकाला दार उघडून देते, पण नंतर कधी कधी तीच लेखकाच्या अंगाला चिकटून बसते. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि आचार्य अत्रे यांनी प्रस्तावना लिहून त्यांची महाराष्ट्राला ओळख करून दिली. खानदेशातली एक निरक्षर शेतकरी स्त्री, ही ओळख त्या वेळी आवश्यकच होती. पण आजही कित्येक ठिकाणी बोलणे त्या आश्चर्यापाशीच संपते आणि प्रतिमा, लय, शब्दांची निवड यांवर येतच नाही. नारायण सुर्वे यांच्याविषयीही पुष्कळदा गिरणीपासून सुरुवात होते आणि गिरणीपाशीच शेवट होतो. म्हणून या पहिल्या संग्रहावर भूमी अभिलेख खाते ठळक असू द्यावे, परंतु दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तो परिचय नव्याने लिहावा, जुना उचलून देऊ नये.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या परिचयात ‘सध्या बेळगाव येथे अध्यापन करतात’ आणि ‘कादंबरी प्रकाशनाच्या मार्गावर’ अशी दोन वाक्ये होती. दीड वर्षाने मी बेळगाव सोडले आणि ती कादंबरी पूर्ण झालीच नाही. त्या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली, पण ग्रंथालयांतल्या प्रतींवर मी अजून बेळगावातच आहे आणि माझी कादंबरी अजून मार्गावर आहे. वाचक भेटले की आस्थेने तिच्याविषयी विचारतात, आणि दर वेळी मला तेच उत्तर द्यावे लागते. म्हणून ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘आगामी’ हे शब्द परिचयात येऊ देऊ नयेत. ‘२०११ पासून’ असे लिहिले तर ते कधीच शिळे होत नाही. संकेतस्थळावरचा मजकूर बदलता येतो, छापलेला बदलण्यासाठी दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

त्याच पुस्तकावर माझ्या नावाआधी मला न विचारता ‘सुप्रसिद्ध’ हा शब्द घातला गेला होता. पहिलेच पुस्तक, आणि लेखिका सुप्रसिद्ध! मला तो छापून आल्यावरच दिसला. त्याचे कारण मागाहून कळले. आतल्या मजकुराची मुद्रिते लेखकाकडे येतात, पण मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ चित्रकाराकडे किंवा मांडणी करणाऱ्याकडे वेगळे तयार होते आणि तिथून थेट छपाईला जाऊ शकते. तेव्हा मलपृष्ठाचे अंतिम मुद्रित स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संमती देऊ नये. पुस्तकभर शुद्धलेखनाची काळजी घेतलेली असते आणि परिचयातच गावाचे नाव चुकलेले असते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आणखी एक बाब, जी या प्रश्नकर्त्यांना लागू नसली तरी हा धागा वाचणाऱ्या अनेकींना लागू होईल. लग्नाआधी एका नावाने आणि नंतर दुसऱ्या नावाने लिहिलेले असेल, तर परिचयात ते एका वाक्यात स्पष्ट सांगावे: ‘त्यांच्या सुरुवातीच्या कविता … या नावाने प्रसिद्ध झाल्या.’ नाहीतर आपले आधीचे लेखन आपल्यापासून तुटते. टोपणनाव घेतले असेल तर प्रश्न निराळा होतो. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले तेव्हा मोठे वादळ उठले आणि या बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या वेळी खरे नाव बाहेर असते तर बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, यांना तो रोष कसा झेलावा लागला असता याची कल्पना करावी. म्हणजे परिचय न देणे हासुद्धा एक विचारपूर्वक केलेला निर्णय असू शकतो, आणि असे करणाऱ्याला त्याचे कारण विचारू नये.

पूर्वी पुस्तकांवर लेखकाचा घरचा पत्ता छापत असत. आता तो आणि दूरध्वनी क्रमांक देऊ नये. प्रकाशकामार्फत संपर्क किंवा केवळ पत्रव्यवहारासाठी उघडलेला ई-मेल पुरेसा आहे.

मुद्रितशोधक

‘सायंतारा’ यांची गावाविषयीची सूचना मान्य. ते माझ्याकडून सुटले.

‘दुसरी आवृत्ती’ यांच्या पहिल्या मुद्द्याशी मात्र अर्धाच सहमत आहे. व्यवसायाचे लेबल चिकटते हे खरे. पण त्यासाठी पहिल्याच पुस्तकावर सावध झालो तर परिचय पुन्हा गुळमुळीत होतो. उपाय असा, की व्यवसायाचे नाव देऊन थांबू नये, तर त्या व्यवसायाने काय पाहायला लावले ते सांगावे. ‘निवृत्त शासकीय अधिकारी’ हे लेबल आहे. ‘मान्य नसलेल्या मोजण्या पुन्हा करून पाहिल्या’ ही दृष्टी आहे, आणि ती दहाव्या पुस्तकावरही जुनी होणार नाही. मलपृष्ठाच्या मुद्रिताविषयी त्यांनी लिहिलेले अक्षरशः पाळावे.

बांधावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मुद्रितशोधक’ यांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी एका शाळासोबत्याला माझ्या कामाविषयी सांगत बसलो. तो आयुष्यभर बँकेत होता. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असते आणि तिचे सोळा भाग, म्हणजे आणे, असतात, हे ऐकून तो थांबला. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे सांगितल्यावर त्याने कागदावर गुणाकार करून १,०८९ चौरस फूट आले ते मला दाखवले, आणि म्हणाला, ‘मी चाळीस वर्षे गुंठ्यावर कर्ज दिले, पण गुंठा कुठून येतो ते आज कळले.’ म्हणून साखळी परिचयात घेतली आहे.

चौदा वर्षांचा अबोला घेतला नाही. दोन दिवस त्यावर विचार केला. धाकटा चुलतभाऊ आता आमच्याकडे येतो-जातो, गणपतीला दोन्ही घरे एकत्र जेवतात, आणि ही ओळ वाचून त्याला काय वाटेल हे मला सांगता येईना. ती गोष्ट संग्रहातल्या सातव्या कथेत नावे बदलून आहे, तिथेच ती राहू दे.

नवा मसुदा असा:

‘… हे मूळचे खटाव तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. १९८५ ते २०१९ या काळात त्यांनी भूमी अभिलेख खात्यात काम केले. ३३ फुटांची साखळी घेऊन त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवरची आणि माळावरची अत्यंत अवघड शेते भूकरमापक म्हणून मोजली, आणि पुढे निमतानदार म्हणून, कोणाला तरी मान्य नसलेल्या मोजण्या पुन्हा करून पाहिल्या. एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभे राहिलेले सख्खे भाऊ त्यांच्या कथांत वारंवार येतात. २०११ पासून त्यांच्या कथा दिवाळी अंकांतून प्रसिद्ध होत आहेत. हा त्यांचा पहिला कथासंग्रह.’

मुलाला वाचून दाखवला. त्याचे वाक्य गेले म्हणून तो नाराज होईल असे वाटले होते, पण त्याने एवढेच विचारले, की ‘बाबा, निमतानदार म्हणजे हे काम होते होय?’ तो आता एकोणचाळीस वर्षांचा आहे.

काही राहिले असेल तर सांगावे. परवा मजकूर प्रकाशकांकडे द्यायचा आहे.

मुद्रितशोधक

मसुदा उत्तम झाला आहे. ‘निमतानदार’ शब्दाचा अर्थ त्याच वाक्यात उलगडला आहे, त्यामुळे तळटीप लागत नाही. तिसऱ्या वाक्यातले ‘अत्यंत अवघड’ हे दोन शब्द तेवढे काढावेत. डोंगरउतार म्हटले की अवघड हे आलेच. बाकी आहे तसेच द्यावे, आणि मलपृष्ठाचे मुद्रित आले की स्वतः पाहून मगच संमती कळवावी.